शब्दांच्या शेपट्या

मला इंग्रजीतले चारशेच्या वर शब्द येतात आणि एबीसीडी येत नाही. कुणाला हसू यावं म्हणून मी हे सांगत नाही. हसायचं काम लोकांचं आधीच करून झालं आहे. माझी नात मनाली परदेशात शिकायला जायची परीक्षा देते आहे. तिच्या मोबाईलमध्ये रोज कठीण इंग्रजी शब्द येतात, शब्दावर बोट दाबलं की अर्थ दिसतो, आणि ती हॉलमध्ये येरझाऱ्या घालत ते पाठ करते. परवा मी लसूण सोलत बसले होते. ती 'ऑब्स्टिनेट, ऑब्स्टिनेट' करत अडली. मी म्हटलं, "पेडणेकर." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "हट्टी." तिने मोबाईल दाबून बघितला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू लसूणच बोलला. मग आणखी दहा-बारा शब्द विचारले. मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "आजी, हे तू लिहून काढ." म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाक्यं सरळ लिहीन, पण गोड लिहिणार नाही, कारण त्यात गोड काही नव्हतं.

आम्ही डिलाईल रोडला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि आईची खानावळ होती. खानावळ म्हणजे वेगळी जागा नव्हती, आमचीच खोली. अर्ध्या खोलीत चूल आणि अर्ध्या खोलीत जेवणारे. गावाकडचे वीस-बावीस गडी, बायकामुलं कोकणात, इथे पाळीप्रमाणे येऊन जेवून जायचे. दुसऱ्या पाळीचे दुपारी एकला यायचे, पहिल्या पाळीचे चारला. भोंगा झाला की जिना वाजायला लागायचा, आणि कोणता पाय कुणाचा हे मला पाठमोरी बसूनही कळायचं. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, बुधवारी आणि रविवारी बांगड्याचं तिखलं, बाकीचे दिवस सुकट किंवा वाल. लालबागहून मसाला कांडून आणायचं काम माझं होतं. डब्याचं झाकण बसत नसे, त्यामुळे तिथून घरापर्यंत मी शिंकत यायची. आजही कुणी खानावळीच्या जेवणाची चव काढायला लागलं की मला चव आठवत नाही, भाकरी थापून मनगटात येणारी कळ आठवते.

चौथीच्या परीक्षेनंतर आईचा हात पेजेच्या टोपाने भाजला. "दोन म्हयने ऱ्हव दे चेडवाक घरात," आई म्हणाली. आईबाबा शेवटपर्यंत मालवणीच बोलले; चेडू म्हणजे मुलगी. दोन महिन्यांत हात बरा झाला, पण मी घरातच राहिले. कुणी मला शाळेतून काढलं असं झालं नाही. काढलं असतं तर निदान भांडता आलं असतं. मला परत कुणी पाठवलंच नाही, एवढंच. आमच्या वेळी म्युनिसिपालिटीच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. जून महिन्यात माझ्या वर्गातल्या मुली नवीन इंग्रजी पुस्तक छातीशी धरून चाळीच्या जिन्यावरून उतरल्या. मी नळावर होते. त्यातल्या एकीला म्हटलं, "दाखव गं." तिने पहिलं पान उघडून दाखवलं. मोठं सफरचंद होतं आणि बाजूला एक अक्षर, शिडीसारखं. माझे हात ओले होते म्हणून तिने पुस्तक हातात दिलं नाही. इंग्रजीशी माझी ओळख तिथे सुरू झाली आणि तिथेच संपायची होती.

मला एक मोठा भाऊ. घरात सगळे त्याला भाऊच म्हणायचे, मला बाय. भाऊ मराठी शाळेतून मॅट्रिक झाला आणि कॉलेजात गेला. आमच्या मजल्यावरचा तो पहिला, म्हणून चाळीने त्याला हार घातला. पण कॉलेजात सगळं इंग्रजीत. इतिहास इंग्रजीत, अर्थशास्त्र इंग्रजीत. पुस्तकाचं एक पान वाचायला त्याला अर्धा दिवस लागायचा आणि पान संपलं तरी हाती काही लागलेलं नसायचं. तो रडकुंडीला आला तेव्हा चाळीच्या टोकाला राहणारे सामंत मास्तर म्हणाले, "शब्द नाहीत तुझ्याकडे. शब्दांशिवाय पुस्तक म्हणजे नुसता कागद. रोज दहा शब्द. लिहायचे आणि कुणाला तरी विचारायला लावायचे." मास्तरांनी आपला जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश दिला. त्याला पुठ्ठे नव्हते, पहिली काही पानंही नव्हती.

विचारायला मी होते. भाऊने वहीच्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने दोन उभ्या रेघा मारल्या. डावीकडे तो इंग्रजी शब्द लिहायचा. मधे त्याचा उच्चार देवनागरीत, आणि उजवीकडे मराठी अर्थ. कागद स्वस्त होता, शाई पाठीमागे उतरायची, म्हणून एकाच बाजूला लिहायचं. दोन दिवसांत त्याला कंटाळा आला. म्हणाला, "बाय, उच्चार आणि अर्थ तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." तेव्हापासून तो बोलेल ते मी मधे लिहायची आणि शब्दकोशात तो बोट ठेवील ते उजवीकडे. डावीकडची जागा त्याने कमी ठेवली होती. लांब शब्द असला की त्याची शेपटी रेघ ओलांडून माझ्या जागेत घुसायची आणि मला दाटीवाटीने लिहावं लागायचं. "रेघ जरा सरकव ना," मी म्हणायची. "राहू दे गं, चालतंय," तो म्हणायचा. त्याला चालतच होतं.

भाऊ कॉलेजातून बाराला यायचा. मी चुलीपुढे, वही तांदळाच्या डब्याला टेकवून उभी. उजवा, अर्थाचा भाग हाताने झाकायचा, कारण तो वाकून बघायचा. "टॅसिटर्न?" मी विचारायची. तो पंख्याकडे बघायचा. पंखा आमच्याकडे नव्हता, शेजारच्या खोलीतला दारातून दिसायचा. "टॅसिटर्न, टॅसिटर्न... आंबट?" "कमी बोलणारा," मी सांगायची आणि भाकरी उलटायची. दुसऱ्या दिवशी परत आंबट. मला राग यायचा. मला तर ते शब्द एकदा लिहिले की चिकटायचे, कारण माझ्याकडे त्यांना बसवायला माणसं होती. टॅसिटर्न म्हणजे राणे, जो तीन वर्षं आमच्याकडे जेवला आणि 'भात' आणि 'पुरे' एवढंच बोलला. व्होरेशस म्हणजे अधाशी, म्हणजे गावकर, अकरा भाकऱ्या. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, म्हणजे पेडणेकर. त्याला खिडकीखालची जागा मिळाली नाही तर तो ताट घेऊन उभा राहायचा, पिठी गार झाली तरी बसायचा नाही. मी भाऊला म्हटलं, "अर्थ नको पाठ करू. माणूस पाठ कर. राणे आंबट आहे काय?"

त्याला ते जमलं. मग आमचा खेळच झाला. गडी ओळीत जेवायला बसले की भाऊ हळूच विचारायचा, "बाय, टेनेशस कोण?" आणि मी वाढता वाढता त्या चिवट माणसाच्या ताटात भाकरी जरा आपटायची. गड्यांनाही सुगावा लागला. गावकर म्हणाला, "काय गो बाय, माका इंग्रजीत काय म्हणतंस?" मी म्हटलं, "व्होरेशस." तो खूश झाला. "आयकलास मां? व्होरेशस," असं तो गिरणीत आपल्या खात्यात सांगत सुटला. कुणीतरी अर्थ सांगेपर्यंत तीन आठवडे तो स्वतःला मोठा माणूस समजत होता. अर्थ कळल्यावर एक दिवस त्याने आठच भाकऱ्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी परत अकरा.

एकाच शब्दाला आमच्या खानावळीत माणूस मिळाला नव्हता. इंडिग्नंट. शब्दकोशात लिहिलं होतं, अन्यायामुळे संतापलेला. भाऊ म्हणाला, "म्हणजे रागावलेला, झालं." मी म्हटलं, "झालं कसं? रागावलेल्याला आधी एक शब्द येऊन गेलाय. हा वेगळा असणार." रागावणारे आमच्याकडे खूप होते. पण त्यांचा राग मिठावरून, जागेवरून, जॉबरवरून, म्हणजे गिरणीतल्या मुकादमावरून. जेवायच्या वेळी यायचा आणि हात धुताना जायचा. म्हणून तो शब्द मी तसाच मोकळा ठेवला.

मास्तर अधूनमधून दारात येऊन हा प्रकार बघायचे. एकदा बाबांना म्हणाले, "तुमच्या बायला अजून उशीर झालेला नाही. जूनमध्ये पाचवीत घालू. मी अर्ज आणून देतो, तुम्ही फक्त सही करा." बाबा विडी ओढत होते. म्हणाले, "भाऊ पास झालो की मगे हिचा बगूया." मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज आणला. मी तो देवाच्या फळीवर, कुंकवाच्या डबीखाली ठेवला. त्यानंतर भाऊच्या परीक्षेची जेवढी काळजी मी केली तेवढी त्याने स्वतः केली नाही. दहाचे पंधरा शब्द केले. विसरला की चिमटा दाखवायची, तापलेला. माझं आयुष्य त्याच्या पेपरात होतं, आणि तो पेपर मला वाचताही आला नसता.

भाऊ पास झाला. इंग्रजीत चांगले मार्क मिळाले. उताऱ्यावर प्रश्न होते आणि त्यात, तो म्हणाला, आमची अर्धी खानावळ बसली होती. रविवार होता, गिरणीला सुट्टी, सगळे गडी जेवायला होते. बाबांनी पेढे आणले होते. मास्तर आले. मी पाणी द्यायच्या निमित्ताने फळीवरचा अर्ज काढून बाबांच्या बाजूला ठेवला. मास्तर म्हणाले, "अभिनंदन. आता बायच्या अर्जावर सही होऊन जाऊ दे." बाबा खुशीत होते. म्हणाले, "थांबा हो मास्तरानू, पयला माझ्या चेडवाचा इंग्रजी आयका. विचारा रे हिका." आणि मला खोलीच्या मधोमध उभं केलं.

भाऊ वही घेऊन विचारत गेला आणि मी सांगत गेले. हातात वाढायचा डाव, तसाच धरून. रिलक्टंट, नाखूश. फ्रुगल, काटकसरी. मॅग्नॅनिमस, मोठ्या मनाचा. प्रत्येक शब्दाला गडी माना डोलवत होते. राणेसुद्धा म्हणाला, "वा." मला वाटलं, मी एकेक शब्द सांगते आहे म्हणजे सहीच्या जवळ जाते आहे. असं मला खरंच वाटलं. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "केऑस?" मला तो शब्द येत नव्हता. मास्तर म्हणाले, "अगं, गोंधळ." मग मला कळलं. मी म्हटलं, "म्हणजे चाओस. तो येतो मला."

आधी मास्तर हसले, मायेने, मग सगळे हसले. सगळ्यांत जास्त भाऊ हसला. "चाओस म्हणते," तो म्हणाला, "अगं खुळे, केऑस. सी-एचचा तिथे क होतो." गडी परत हसले, ज्यांना सी माहीत नव्हता आणि एचही नव्हता तेही हसले. आता ऐका. चाओस हा उच्चार मला भाऊने सांगितला होता. त्याने सांगितला, मी लिहिला. कॉलेजात कुणीतरी त्याची चूक सुधारली, त्याने स्वतःपुरती सुधारून घेतली आणि रोज माझ्यासमोर बसून ती चूक माझ्याकडे तशीच ठेवली. सबटल पण त्याचाच. परवा मनाली म्हणाली, "आजी, सबटल नाही, सटल. बी सायलेंट आहे." मी म्हटलं, "भाऊने मला कोणतंच अक्षर दाखवलं नाही, त्यातलं गप्प कोणतं ते मला कसं कळणार?"

हसणं संपल्यावर मास्तरांनी अर्ज उचलला. बाबांनी तो हातात घेतला, उलटा होता तो सुलटा केला, आणि म्हणाले, "मास्तरानू, तुमीच सांगा. हिका घरात बसान सगळा येता. मगे शाळा कित्याक व्हयी?" ते चिडून म्हणाले नाहीत. प्रेमाने म्हणाले, माझ्या पाठीवर हात ठेवून. त्यांच्या मते ते मला शाबासकी देत होते. मास्तर काहीतरी बोलले, हे शिक्षण नव्हे, नुसते शब्द आहेत, असं. मी भाऊकडे बघितलं. एक वाक्य हवं होतं. तो कॉलेजात जाणारा, त्याचं बाबा ऐकत. तो पेढा खात होता. तोंडातला पेढा संपवून तो म्हणाला, "बरोबर आहे बाबांचं. खानावळीत आईला कोण आहे? आणि पुढच्या वर्षी शब्द अजून कठीण आहेत, बायशिवाय माझं कसं होणार?" बाबांनी अर्ज घडी करून खिशात घातला. संध्याकाळी त्याच कागदावर सुपारी कातरून खाल्लेली मी बघितली.

मी रडले नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बावीस ताटं घासायची होती. ताटं घासताना एकदम ध्यानात आलं की इंडिग्नंटला माणूस मिळाला. मिठावरून नाही, जागेवरून नाही. हात धुतल्यावर न जाणारा.

दुसऱ्या दिवशी भाऊ कॉलेजात गेल्यावर मी वही घेतली आणि आडाळो पुढे ओढला. विळीला आमच्यात आडाळो म्हणतात. एकेक पान पात्याला लावून त्याने मारलेल्या पहिल्या रेघेवर उभं कापलं. विळीने कागद सरळ कापला जातो, कोथिंबिरीपेक्षा सोपा. इंग्रजी शिवणीकडे होतं, ते वहीतच राहिलं. माझ्या अक्षरातले उच्चार आणि अर्थ माझ्या हातात सुटे आले. सगळी वही कापायला वालाचं बिरडं शिजायला लागतो तेवढा वेळ लागला. माझ्या पट्ट्या मी गिरणीच्या सुताने बांधल्या आणि उरलेली बारकी वही त्याच्या पिशवीजवळ ठेवली. आई नारळ खवायला आली, तिने खाली पडलेला कागदाचा भुगा बघितला, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता मार बसेल. ती म्हणाली, "आडाळो धुवन ठेव." एवढंच. ती माझ्या बाजूने बोलली की विळीच्या, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाराला भाऊ आला. वही उघडून बघतच राहिला. "हे काय केलंस?" मी भाकरी थापत म्हटलं, "तुझं होतं ते तुला ठेवलंय." "अर्थ कुठे आहेत?" "अर्थ माझे." "वेडी आहेस काय? तुझ्या काय उपयोगाचे ते?" मी म्हटलं, "नसू देत." तो आईला सांगायला गेला. आई म्हणाली, "जेवान घे पयला, दुसरी पाळी येता." त्या दिवसानंतर मी त्याला एकही शब्द विचारला नाही.

पुढच्या वर्षी तो नापास झाला असता तर ही हकिगत सांगायला बरी झाली असती. तो पास झाला. नवीन वही केली, मित्राबरोबर पाठांतर केलं, बँकेत लागला, साहेब झाला. मी खानावळीतून लग्नात गेले आणि लग्नातून दुसऱ्या चुलीपुढे. भाऊ अजून आहे, तब्येत चांगली आहे. घरात कार्य असलं की पाहुण्यांना बोलावून सांगतो, "आमची बाय चौथी पास, पण डिक्शनरी आहे डिक्शनरी. काय बाय, चाओस?" पाहुणे हसतात. वही कापल्याचं तो सांगत नाही. मला वाटतं तो विसरलेला नाही.

मनालीला मी त्या पट्ट्या दाखवल्या. सूत सडलं होतं, कागद पिवळा झाला आहे, पण अक्षर माझं चांगलंच होतं. ती म्हणाली, "आजी, मी तुला एबीसीडी शिकवते, एका आठवड्यात येईल." मी नको म्हटलं. तिला वाईट वाटलं, वाटू दे. ज्या जूनमध्ये मला शिकायचं होतं तो जून कुणी आणून देणार असेल तर बसते. मग तिने पट्टीच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. "हे काय आहे?"

त्या शेपट्या. भाऊने जागा कमी ठेवली होती, त्यामुळे लांब शब्दांची टोकं रेघ ओलांडून माझ्याकडे आली होती आणि विळीने कापताना ती माझ्याच बाजूला पडली. लग्नाआधीची दोन वर्षं दुपारी ताटं घासून झाली की मी त्या शेपट्या बघत बसायची. बघता बघता दिसलं की व्होरेशस, टेनेशस, मॅग्नॅनिमस, ॲम्बिग्युअस, ज्यांच्या उच्चाराच्या शेवटी 'अस' आहे, त्यांच्या शेपटीला तीच तीन चित्रं आहेत. एक पुरी, एक वाटी, एक आकडा. नेहमी याच क्रमाने. तेव्हा मला कळलं की पुरी, वाटी आणि आकडा मिळून 'अस' होतो. पुढे रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यांवर मी त्या तिघांना शोधायची, आणि ती सापडायची.

मी मनालीला म्हटलं, "पुरी, वाटी, आकडा. अस." तिने वाकून बघितलं आणि हळू म्हणाली, "ओ, यू, एस. आजी, हे तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. हेच तर लिहिते आहे."